कूलरच्या टाकीचे भोक : शास्त्रोक्त उपचारपद्धती

खानदेशात उन्हाळा पंचांगात पाहायचा नसतो. माळ्यावरचा पत्र्याचा कूलर खाली उतरला की उन्हाळा लागला असे समजावे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांशी लगट करतो, धुळेही फार मागे राहत नाही. पण हवा कोरडी, म्हणून कूलर चालतो. मुंबईत तोच कूलर नुसता घाम ढवळतो. पाइप आणि प्लॅस्टिकच्या चटयांसाठी नावाजलेल्या जळगावातही जुनी घरे पत्र्याचा कूलर मोडीत घालत नाहीत. सबब हे मार्गदर्शन.

पायरी १ : निदान. टाकीत बादलीभर पाणी ओतून फरशीकडे पाहावे. ओल एका जागी दिसली, तर भोके किमान तीन धरावीत. या वेळी घरातले ज्येष्ठ "गेल्या वर्षी तर ठणठणीत होता" असे म्हणतील. तो विधीचाच भाग आहे. मध्ये बोलू नये.

पायरी २ : प्लग काढणे. ही एक पायरी थट्टेची नाही. लोखंडी अंग, पाणी आणि जुनी वायर यांच्या संगतीने माणसे दगावतात. शेजारी "काही होत नाही" म्हणाला, तरी प्लग काढूनच हात घालावा.

पायरी ३ : कारणमीमांसा. पत्र्यावर जस्ताचा थर असतो. तो स्वतः झिजतो आणि लोखंडाला वाचवतो. पण बोअरचे पाणी जड. कूलरमधून पाणी उडून जाते, क्षार मात्र टाकीतच मुक्काम करतात. रोज नवे पाणी, रोज नवे क्षार. त्यात गवताच्या काड्या कोपऱ्यात साचून ओल धरतात. जस्त संपले की गंज लोखंडाला लागतो. हे सगळे कुटुंबीयांना सविस्तर समजावून सांगावे, म्हणजे काम उद्यावर जाते.

पायरी ४ : खरवडणे. वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासावे. मोहरीएवढे भोक अठ्ठन्नीएवढे होईल. हळहळू नये. जे गेले तो पत्रा नव्हताच. गंज आणि जुना रंग यांनी आपसांत केलेली तडजोड होती. ही पायरी गाळून गंजावरच एम-सील थापणारे बरेच. त्यांचे ठिगळ पुढच्या मार्चात भाकरीच्या पापुद्र्यासारखे अख्खे सुटून हातात येते.

पायरी ५ : ठिगळ. भोक लहान असेल तर एम-सीलचे दोन्ही भाग सारखे घेऊन एकच रंग येईपर्यंत मळावेत, कोरड्या पत्र्यावर दाबून बसवावेत आणि रात्रभर बोट लावून पाहू नये. भोक मोठे असेल तर चारही बाजूंनी बोटभर जास्तीचा जस्ती पत्रा कापावा, रिव्हेट मारावेत, कडा एम-सीलने बुजवाव्यात आणि आतून डांबर फासावे.

वेल्डिंगवाल्याकडे नेण्याचा मोह होईल. पण पत्रा पातळ. कांडी टेकली की भोकाला भावंड होते. शिवाय जळत्या जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला तर संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. जाणता कारागीर डोळ्यांवरची काच बाजूला करून एवढेच म्हणतो, "हाऊ पत्रा नही भो, हाई चाळणी शे." हे तज्ज्ञांचे मत मानून तळच नवा टाकून घ्यावा, किंवा न मानता आणखी एक एम-सील घेऊन घरी यावे. बहुमत दुसऱ्या बाजूला आहे.

पायरी ६ : जून. पाऊस लागला, हवा दमट झाली की कूलरचे काम संपते. त्याच आठवड्यात टाकी रिकामी करावी, गवत काढावे, क्षार धुऊन काढावेत, ऊन पडेल तेव्हा तळ खडखडीत वाळवावा आणि रंगाचा हात देऊन मगच माळ्यावर चढवावा. असे केल्यास मागच्या पाचांपैकी बहुतेक पायऱ्यांची वेळ वर्षानुवर्षे येत नाही. प्रत्यक्षात जूनमध्ये सगळे भज्यांत गुंतलेले असतात आणि कूलर तळाशी चार बोटे पाणी घेऊन वर जातो.

सहावी पायरी पाळणारे घर आढळल्यास त्या घरापुरते हे मार्गदर्शन रद्द समजावे.