केल केलं

"आई, उद्या सकाळी मी केल करणार."

"काय केलंस?"

"केलं नाही अजून. केल. उद्या करीन."

"आधी ठरव, केलंस की करणार आहेस."

साताऱ्याहून आलेल्या बाईला ही भाजी समजावणं तिच्या नावापासूनच अवघड आहे.

मॅसॅच्युसेट्समध्ये जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर शनिवारी मी एका शेतावरून भाजीचा खोका आणतो. पैसे मात्र जानेवारीतच भरलेले असतात, बाहेर गुडघाभर बर्फ असताना. त्यातून शेतकरी बी-बियाणं घेतो. पुढे पीक आलं तर त्यात आपला वाटा, आणि बुडालं तर तेही आपल्या वाट्याला. अमेरिकेत ही पद्धत १९८६ साली सुरू झाली, ती याच राज्यातल्या इंडियन लाइन फार्मवर आणि शेजारच्या न्यू हॅम्पशरमध्ये. यंदा आमच्या शेतावर टोमॅटोवर करपा आला, काकड्या पावसात कुजल्या. केलला काही म्हणजे काही झालं नाही. चौदाव्या आठवड्यातही दोन जुड्या, वर शेतकऱ्याचं प्रसन्न हसू.

मी आईला शास्त्र सांगायला गेलो. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली आणि केल ही सगळी एकाच जातीची, ब्रासिका ओलेरासिया. सख्खी भावंडंच म्हण. कोबीने पानं मिटून गड्डा केला, नवलकोलाने खोड फुगवलं, फ्लॉवरने फुलोरा धरला. केलने तेवढं काहीच केलं नाही.

"असतं एकेका घरात एखादं," असं म्हणून आईने माझ्याकडे पाहिलं.

दुसरी अडचण ब्रंचची. केल करायचं होतं ते रविवारच्या ब्रंचला, म्हणजे नाश्ता आणि जेवण एकत्र, अकरा वाजता. हा शब्द १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या इंग्रजाने एका लेखात वापरला. शनिवारी रात्री मौजमजा करणाऱ्यांना रविवारी लवकर उठायला लागू नये, हा त्याचा कळवळा. आमच्या शनिवारी रात्रीची मौजमजा म्हणजे महाराष्ट्र मंडळाची गणपतीच्या हिशेबाची बैठक. तीतही डोकं दुखतं, नाही असं नाही.

"अकरा वाजेपर्यंत उपाशी? आज काय चतुर्थी आहे?" आईने विचारलं आणि आठ वाजता पोहे केले. नुसते चार घास. मी दोनदा घेतले.

साडेनऊला मी केल धुवायला बसलो. त्याच्या झालरीत शेताची निम्मी माती असते. मग मधली जाड शीर काढायची, पानं चिरायची, आणि त्यांना मीठ, लिंबू, तेल लावून हाताने चोळायचं. खरोखर चोळायचं, पाच मिनिटं. त्याशिवाय कच्चं केल चावत नाही, रवंथ करावं लागतं. आई दारात उभी राहून बघत होती.

"भाजीला मालिश?"

"हो. मऊ पडते."

"मग उटणंही लाव. दिवाळीचं राहिलंय डब्यात."

पण तिला राहवेना. "सरक. अशी चोळतात का?" म्हणून तिने परातीचा ताबा घेतला. माझ्या दोन्ही मुलांना तिनेच न्हाऊमाखू घातलंय. त्या हाताखाली केल तीन मिनिटांत निम्मं झालं आणि मला उगाच वाटलं, आता ते झोपणार.

पुढचं सगळं माझं. बटाटे परतले, त्यात उरलेलं केल, वर अंडी फोडली. झाकण पाच मिनिटं जास्त राहिलं, आणि पिवळ्या बलकांचे चेंडू झाले. एक ट्रे केलचे चिप्स भट्टीत ठेवले होते. ते कुरकुरीत होण्याचा आणि कोळसा होण्याचा क्षण एकच असतो, आणि त्या क्षणी मी कणसं सोलत होतो.

दीड वाजता ब्रंच मांडला. तोवर आईने 'असू दे, लागला तर' म्हणून कुकर लावला होता. तो लागला. मुलांनी वरण-भात घेतला, बायकोने सभ्यपणे दोन्ही घेतलं. आईने सॅलड मात्र बराच वेळ चावलं.

"शेतकरी म्हणतो, कडक थंडी पडली की केल गोड होतं."

"तोवर मी परत गेलेली असेन," आई म्हणाली. आवाजात फार दुःख नव्हतं.

रात्री नऊला साताऱ्याहून बाबांचा फोन आला. तिकडे सकाळचा चहा झाला होता.

"काल काय केलं होतं जेवायला?"

"केल केलं होतं."

"अगं तेच विचारतोय, काय केलं होतं?"

"केल!"

"हो, पण काय?"

आईने माझ्याकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं.

"पोहे," ती म्हणाली.