उलसं बोला

पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेलो, तेव्हा भाषण करायचा विचार मनात अजिबात नव्हता. (होता, पण बोलवत कोण होतं?) गावात मांडव पडलेला, मंत्री यायचे होते, तोवर गर्दी धरून ठेवायला माणूस हवा होता. माझी खांद्यावरची झोळी बघून संयोजक धावत आले. "सर, साहेब गंगाखेडला अडकलेत. उलसं बोला काहीतरी."

उलसं बोलणं मला जमत नाही. मंत्री हाच विषय धरला आणि माईक हातात येताच थेट मलाक्का गाठलं.

१५१० मध्ये गोवा आणि १५११ मध्ये मलाक्का घेणारा अफोन्सो द अल्बुकर्क, ज्याच्या नावाचा आपण हापूस करून टाकला, त्याच्या माणसांना तिथे 'मंतरी' भेटले. शब्द आपलाच, संस्कृतातला मंत्री. मलायी भाषेत मुरलेला. पोर्तुगीजांच्या भाषेत हुकूम सोडण्याला 'मांदार' म्हणतात. त्याची फोडणी 'मंतरी'ला बसली आणि पोर्तुगीजांच्या तोंडी चिनी अधिकारी झाले 'मांदारीं', इंग्रजांचे मँडरिन. गोव्यातल्या आसगावच्या दालगादोंनी १९१९ आणि १९२१ मध्ये दोन खंडांत असल्या शब्दांचा केवढा कोश रचला, हेही सांगितलं. पहिल्या रांगेतले आजोबा घोरत होते. 'काकाकुवा' मूळचा मलायी काकातुआ, एवढ्यावर मात्र पोरं खिदळली. मला तेवढं पुरे होतं.

पुढे चीनच्या संत्र्यालाही युरोपात मँडरिनच म्हणू लागले; अधिकाऱ्यांच्या पिवळ्या झग्यांवरून, असं म्हणतात. मी आवाज चढवला, "म्हणजे मंडळी, मंत्र्याचं संत्रं झालं!"

तेवढ्यात साहेबांच्या गाडीचं दार उघडलं.

साहेब मुरलेले. माईक घेऊन म्हणाले, "आधीच्या वक्त्यांनी संत्रा उत्पादकांची व्यथा मांडली. शासन सकारात्मक आहे." कापूस-सोयाबीनच्या त्या गर्दीने कडाडून टाळ्या वाजवल्या.

मंडपाबाहेर पडेपर्यंत मी संत्रा बागायतदारांचा पुढारी झालो होतो. कोणी सातबारा पुढे केला, कोणी बँकेचं पासबुक. "आमची कपाशीबी घाला न त्याच्यात," म्हणत एकाने झोळीच धरली. मी कळवळून सांगितलं, "अहो, मी सोळाव्या शतकाबद्दल बोलत होतो!"

"मग बरोबर हाय की," मघाचे घोरणारे आजोबा म्हणाले, "आमचा पीकविमा तवापासूनच अडकलाय."