पटावरची पोरं

ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्र सरकारने तीन दिवस शाळांची पटपडताळणी केली. एकच पोरगं दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावली; मतदानाचा हक्क मिळायच्या कितीतरी आधी पोरांना त्याची खूण मिळाली. पटावरची सुमारे २० लाख नावं मात्र अशी निघाली, की ज्यांना बोटंच नव्हती.

लोक याला घोटाळा म्हणाले. पण इतके गुणी विद्यार्थी शोधून सापडायचे नाहीत. ते आजारी पडत नाहीत, आईबापांमागे ऊसतोडीला जात नाहीत, वर्गात गलका करत नाहीत. त्यांच्या जिवावर तुकडी टिकते, तुकडीवर शिक्षकाचं पद आणि अनुदानावर संस्था. खिचडीचा तांदूळही पटाच्या हिशेबानेच येतो. तो खाल्ला कोणी, यासाठी हजेरीपत्रकात रकाना नाही.

आता संचमान्यता, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवायची पद्धत, आधारशी जोडली आहे. पोरगं समोर बाकावर बसून पाढे म्हणत असलं, तरी आधारवर नावाची वेलांटी किंवा जन्मतारीख चुकली की मोजणीतून गळतं. पूर्वी नसलेली पोरं हजर होती, आता असलेली गैरहजर. एकूण बेरीज जुळली, म्हणायला हरकत नाही.