चारित्र्याचा दाखला

शालनवहिनी वाळवण उलटत होत्या. मी कुंपणाशी उभी राहिले तशा म्हणाल्या, “काय काम काढलंस?”

“काम सरांकडं आहे. आमच्या प्रियांकानं अर्ज भरलाय. जिल्हा कोर्टात, सिस्टम ऑफिसर. दोन प्रतिष्ठित माणसांचे चारित्र्याचे दाखले हवेत. नातेवाईक चालत नाहीत. निवृत्त मुख्याध्यापक, म्हणजे सर एकदम पक्के.”

“प्रियांका कोर्टात? ती कुठं वकील आहे?”

“कॉम्प्युटरचं काम हो. सर्व्हर, नेट, व्हिडिओ कॉन्फरन्स. आता तुरुंगातल्या आरोपीला दर तारखेला गाडीत घालून आणत नाहीत, बऱ्याचदा पडद्यावरच हजर करतात. ऐन वेळी आवाज गेला की पुकारा हिच्या नावाचा!”

“हिंजवडीतली सोन्यासारखी नोकरी सोडून? हे कायम तरी आहे का?”

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. आमच्या साताऱ्यात आधी ‘कायम का’ विचारतात, मग काम काय ते. “कंत्राटी आहे,” मी म्हटलं. “ई-कोर्ट्स प्रकल्पातली जागा.”

“म्हणजे आज आहे, उद्या नाही.”

“प्रकल्प एवढ्यात गुंडाळत नाहीत. २०२३ साली केंद्रानं तिसऱ्या टप्प्याला ७२१० कोटी मंजूर केले, चार वर्षांसाठी. त्यातले दोन हजार कोटींच्या वर नुसती कागदपत्रं स्कॅन करायला.”

“अगं बाई! रद्दीला दोन हजार कोटी!”

“तुमचा बांधाचा दावा त्याच रद्दीत आहे, वहिनी.”

वहिनींचा चेहरा पडला. मी लगेच विषय बदलला.

“अभ्यास काय करते म्हणाल तर बघवत नाही. कोर्टात विंडोज नाही, उबुंटू चालतं. रात्री बारापर्यंत काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. परवा तर कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसली. तिथं म्हणे एका कारकुनानं पुढची तारीख कॉम्प्युटरमध्ये भरली आणि लगेच ड्रॉवरमधून वही काढून तीच तारीख पेनानं लिहिली. वर शाईच्या रेघा मारून! हिनं जेवणाच्या सुट्टीत विचारलं, दोनदा कशाला? तर म्हणाले, लाइट गेली तर?”

“बरोबरच आहे त्यांचं.”

“प्रियांकापण तेच म्हणाली. मशीन बंद पडलं तर चालू करता येतं, पण ज्यानं वीस वर्षं वही सांभाळलीय त्याचा मशीनवर विश्वास बसवायचा, हीच खरी नोकरी. खटल्यांच्या नोंदी ठेवायचं ते सीआयएस सॉफ्टवेअर आपल्या पुण्याच्या सरकारी एनआयसीनंच केलंय. ते पोरगी पटकन शिकेल. शिरस्तेदारांना पटवायला मात्र तोंड गोड हवं.”

“ते आहे तिच्याकडं,” वहिनी म्हणाल्या, आणि मग हळूच, “पण जोखमीचं नाही ना? त्या दिवशी ह्यांनी सांगितलं, सुप्रीम कोर्टाचं यूट्यूब कुणी चोरलं म्हणून.”

“२०२४ च्या सप्टेंबरात. खटल्याच्या जागी कसल्या तरी क्रिप्टोच्या जाहिराती! मुलाखतीत तेच विचारतील या धास्तीनं ती पासवर्डवर प्रवचन पाठ करतेय. सैपाकघरातसुद्धा.”

वहिनी हसल्या. पापडाचा एक कोपरा मोडून तोंडात टाकला, वाळलाय का बघायला. मग खरी गोष्ट बाहेर आली.

“मंजू, आमच्या दाव्याची तारीख जरा अलीकडं घ्यायला सांगशील तिला?”

“वहिनी! चारित्र्याचा दाखला द्यायच्या आधीच?”

“तसं नाही गं. दीर म्हातारे झाले.”

“तारीख न्यायाधीश देतात. हिच्या हातात एवढंच की ती फोनवर दिसावी. तुमच्या दाव्याचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख येते.”

“तो ह्यांनी कालनिर्णयवर लिहून ठेवलाय. गेल्या वर्षीच्या.”

“आणि ते कालनिर्णय?”

“त्यावरच तर पापड वाळतायत!” असं म्हणत वहिनींनी भराभर पापड उचलायला सुरुवात केली आणि घराकडं तोंड करून ओरडल्या, “अहो, चष्मा घेऊन बाहेर या! सही पण करायचीय!”