घरच्या घरी बाल-शब्दकोश: नवशिक्या पालकांसाठी

सर्वप्रथम शंभर पानी वही आणावी. वर नाव मुलाचं घालावं, आत इंग्रजी शब्द मात्र आपल्या पसंतीचे. 'कॅट'ने सुरुवात करू नये. पाहुण्यांसमोर त्याचं वजन पडत नाही.

शब्दापेक्षा त्याचा अर्थ अवघड असावा, हा पहिला नियम. त्याला परंपरा थोर आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५च्या कोशात खोकल्याची अशी काही व्याख्या केली आहे, की वाचणाऱ्यालाच ठसका लागावा.

वेळ कमी असेल तर 'बिग म्हणजे लार्ज' लिहावं आणि दहा पानांनंतर 'लार्ज म्हणजे बिग'. मूल पानं उलटत बसतं. आपला चहा होतो.

मायकेल वेस्ट नावाच्या गृहस्थांपासून मात्र सावध राहावं. हे ढाक्यात शिकवायचे. मुलांना समजतील असे मोजके शब्द आधी ठरवायचे आणि बाकीचे सगळे त्यांतच बसवायचे, हा त्यांचा हट्ट. १९३५मध्ये एंडिकॉट यांच्यासोबत काढलेल्या कोशात त्यांनी अवघ्या १,४९० शब्दांत सुमारे २४ हजार नोंदी समजावल्या. लाँगमन प्रकाशनाच्या १९७८च्या कोशानेही सुमारे दोन हजार शब्दांत तेच केलं. अशाने मूल स्वतःच वाचून अर्थ लावतं आणि आपल्याला विचारायला येईनासं होतं. १९८७चा कोबिल्ड कोश तर चक्क पूर्ण वाक्यांत बोलतो, शेजारच्या काकू सांगतात तसा. कोशाला काही पोच नको?

एवढं बजावूनही कुणाला सोपं लिहायची हौस असेल, तर त्याने 'चेअर' घेऊन बघावा. 'अ थिंग टु सिट ऑन' लिहावं आणि वही मुलाला दाखवावी. मूल विचारेल, "म्हणजे पायरी?" न चिडता 'विथ फोर लेग्ज' जोडावं. "मग घोडा?" घोडा वस्तू नाही, हे पटवण्यात संध्याकाळ घालवू नये, लगेच पाठ टेकायची सोय घालावी. ती एकाच माणसापुरती आहे, हेही घालावं, नाहीतर समोर सोफा आहेच. आता व्याख्या बरी झाली. फक्त 'बॅक' हा शब्द वहीत अजून आलेला नाही, तेव्हा आधी तो घ्यावा.