रुमालाखालचा दस्तऐवज

श्रीगोंदे तालुक्यातील काष्टीच्या शनिवारच्या जनावरांच्या बाजारात, रुमालाखाली बोटांना बोटे भिडवून, शेजाऱ्यास सुगावा न लागू देता बैलजोडीचा भाव ठरविण्याची गुप्त, निर्धोक आणि विनामूल्य पद्धती पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली असता, सरकारने 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यापाऱ्यांस परस्परांतील विक्रीसाठी ई-इन्व्हॉइस सक्तीचे केले. सरकारी संकेतस्थळावर ते फुकट निघते. तथापि फुकटावर पेढीवाल्यांची श्रद्धा नसल्याने ते सालिना वर्गणीचे सॉफ्टवेअर घेतात, त्यातून निघालेला कागद छापतात, त्यावर शिक्का मारतात, त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर रवाना करतात आणि ‘मिळाला का?’ हे विचारण्यास पुन्हा फोन लावतात. यालाच कागदविरहित व्यवहार म्हणतात. त्यातली काटकसर मात्र केवळ कागदोपत्रीच आढळते.