एसएसचा जॉब हमखास भंगारात घालण्याची पद्धत

आयटीआय करून भोसरीच्या एखाद्या जॉबशॉपमध्ये नुकत्याच लागलेल्या मंडळींसाठी हे मार्गदर्शन आहे. एमएस आणि ईएन-८ वर हात बसला असेल तर उत्तमच. तिथल्या सवयी जशाच्या तशा इकडे आणाव्यात, निम्मे काम तेवढ्यानेच होते.

आधी मटेरियल ओळखावे. त्यासाठी खिशात लोहचुंबक हवा. चिकटला की ‘हे एसएस नव्हेच’ म्हणून सप्लायरला फोन लावावा. ४१० आणि ४३० अस्सल स्टेनलेस असूनही चुंबकाला घट्ट चिकटतात, असे तो सांगू लागला तर ऐकून घेऊ नये. नाही चिकटला तर डोळे मिटून ३०४ समजावे. २०२ सुद्धा चिकटत नाही, पण टेस्ट सर्टिफिकेट मागणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणे, नाही का?

आता ३०४. साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल, दिसायला अगदी गरीब. नवख्याला याची भीती वाटते, आणि त्या भीतीचाच पुरेपूर उपयोग करायचा आहे. कट नावापुरता घ्यावा. फीड इतका बारीक ठेवावा की टूल कापण्याऐवजी नुसते घासत राहील. एमएस असले लाड सहन करते. ३०४ घासला गेला की त्याचा वरचा थर जागच्या जागी कडक होतो. पुढचा कटही तेवढाच हलका घेऊन टूल त्याच कडक थरावर चालवावे, म्हणजे तो आणखी कडक होईल. मधेच फीड थांबवावा, चक फिरत ठेवावा, टूल टेकलेलेच असू द्यावे आणि चहा आला का ते बघून यावे. जुने कारागीर धारदार इन्सर्ट लावतात, कडक थराच्या खाली टूल घालतात आणि कट सुरू झाला की मागे हटत नाहीत. त्यांचे अनुकरण केल्यास पहिलाच जॉब पास होण्याचा धोका संभवतो.

३०४ मधून उष्णता वाहते ती साध्या स्टीलच्या जेमतेम एक तृतीयांश, त्यामुळे ती टूलच्या टोकाशीच साचून राहते. तेव्हा कूलंट जपून वापरावे. हवे तर ब्रशने दोन थेंब. जॉब हाताला चटका देत असतानाच मायक्रोमीटर लावून फायनल साइझ काढावी. ५० मिली व्यासाचा जॉब ५० अंशांनी जास्त तापलेला असेल तर गार झाल्यावर सुमारे ४० मायक्रॉन आकसतो. तोवर तो क्यूसीच्या टेबलावर गेलेला असतो, आपल्या नाही.

चिप तुटत नाही, लांबच लांब सुटते आणि चकाभोवती गुंडाळते. ती हाताने ओढू नका, मशीन बंद करा आणि हूक घ्या. एवढे एक वाक्य गमतीत लिहिलेले नाही. निकेलमुळे या चिप्सना एमएसपेक्षा बराच चांगला भाव येतो, म्हणून त्या एमएसच्या चिप्समध्येच टाकाव्यात.

३०३ आला तर निराशा होईल. त्यात मुद्दाम गंधक घातलेले असते, चिप मोडते, टूल टिकते. उपाय परचेसकडे आहे: ड्रॉइंगवर ३०४ असताना ‘मशीनिंगला सोपा’ म्हणून ३०३ घ्यावा. त्याला वेल्डिंग सोसत नाही आणि खाऱ्या हवेत तो लवकर गंजतो, त्यामुळे जॉब वेल्ड होऊन रत्नागिरीला पोहोचला की ग्राहकाला आपली आठवण येतेच. ३१६ ला ३०४ चेच नियम, फक्त जॉब बिघडला की नुकसान जास्त. ४४०सी मात्र आधी हार्डनिंग करून मगच टर्निंगला लावावा. उलटा क्रम शहाणे लोक पाळतात.

खरे कौशल्य ड्रिल आणि टॅपमध्ये. सेंटर पंच दणकून मारावा, म्हणजे ड्रिल जिथे टेकायचे ती जागा आधीच कडक होते. १० मिलीच्या एचएसएस ड्रिलला ४०० च्या आसपास आरपीएम पुरतात, म्हणून १२०० लावावेत. ड्रिल बोथट झाले तरी बदलू नये, दाबत राहावे. भोकाचा पृष्ठभाग आरशासारखा चमकू लागला की टॅप घ्यावा. एम-६ साठी तक्त्यात ५ मिलीचे ड्रिल लिहिलेले असते, एसएसमध्ये ५.१ वा ५.२ घालणाऱ्यांना भित्रे समजावे. कटिंग ऑइल न लावता, उलटा न फिरवता टॅप आत न्यावा. तिसऱ्या-चौथ्या आट्याला एक छोटा ‘टक्’ आवाज येईल.

टॅपचा तुकडा काढायला जॉब स्पार्कवाल्याकडे पाठवावा आणि चलनावर ‘मटेरियल हार्ड’ असे लिहावे. ते खोटे नसते. कडक कुणी केले, असा रकाना चलनावर नाही.